चिंचेवरचा राजा

सुमतीकाकू रागीट आहेत. हे आधीच सांगून टाकतो. फुलपाखरांचे फोटो काढणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी हळवी, हळू आवाजात बोलणारी बाई येते. काकू तशा नाहीत. त्या भाजीवाल्याशी भांडतात, सिलिंडरवाल्याशी भांडतात, गिऱ्हाइकांशी तर रोजच. त्यांच्या दारावर पाटी आहे : ‘फॉल, पिको, बीडिंग.’ त्याखाली त्यांनी स्वतः मार्करनं लिहिलं आहे : ‘घाई असेल तर दुसरीकडे जा.’

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. मराठीत एम. ए. केलं आणि आता नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहितो. मानेवाड्याच्या या तीन मजली इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यात काकूंनी माझं दार वाजवलं. मला वाटलं, चहाला बोलावायला आल्या. त्यांनी विचारलं, सडकी केळी आहेत का.

मी नाही म्हणालो.

“मग आणून दे गा,” त्या म्हणाल्या. “ठेलेवाला मले देत नाही आता. भांडण झालं त्याच्याशी.”

आमची मैत्री अशी सुरू झाली.

काकूंचे यजमान कळमेश्वरच्या एका कारखान्यात होते. ते वारले तेव्हा मुलगा ऋषी बंगळूरला नोकरीत नवा होता. त्यानं आपला जुना कॅमेरा आणि जवळून फोटो काढायची एक लेन्स आईला पाठवून दिली. मन रमेल, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. काकू त्यावरही चिडल्या होत्या. माझं मन काय लहान लेकरू आहे का रमवाले, असं त्यांनी फोनवर विचारलं. पण कॅमेरा परत पाठवला नाही. आधी त्यांनी स्वतःच्याच पिकोचे टाके टिपले. मग एकदा गच्चीवर वाळत टाकलेल्या साडीवर एक फुलपाखरू येऊन बसलं, आणि त्याचा डोळा लेन्समधून पाहिल्यावर त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

त्यांची पद्धत मी पुष्कळदा पाहिली आहे. पिकलेली केळी, गुळाचं पाणी, कधी मूठभर सुके झिंगे एका जर्मनच्या ताटलीत घालायचे. ती गच्चीच्या कोपऱ्यात ठेवायची. वास सुटला की फुलपाखरं येतात. मग काकू राखाडी गाऊन घालून, गुडघ्यांना ऋषीचे शाळेतले नी-कॅप चढवून, फरशीवर गुडघ्यांनी सरकत जातात. सावली पडू द्यायची नाही. वीतभर अंतरावर थांबायचं. सुईत दोरा ओवताना रोखतात तसा श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. साधलं नाही तर शिवी. बहुतेक वेळा शिवीच ऐकू यायची.

फुलपाखरांची खरी नावं त्यांना नीट येत नाहीत आणि त्याची त्यांना पर्वाही नाही. त्यांनी साड्यांवरून नावं ठेवली आहेत. हे इरकल, ती चंदेरी, तो पिवळा शालू. एकदा सदर भागातल्या एका फोटो क्लबच्या प्रदर्शनात त्यांनी आपला फोटो दिला होता. कुत्र्याच्या विष्ठेवर बसून सोंडेनं ओल शोषणारी ‘चंदेरी’. पंखांवरचा एकेक खवला दिसत होता. तिथल्या परीक्षकांनी त्यांना समजावून सांगितलं, की तंत्र छान आहे, पण पुढच्या वेळी फुलावरचं काढा, लोकांना बघायला बरं वाटेल.

काकूंनी त्यांना विचारलं, “तुम्ही जेवाले फुलावर बसता का?”

आणि फोटो भिंतीवरून उतरवून काखेत मारून परत आणला. मी बाइक चालवत होतो. मानेवाडा येईपर्यंत त्या माझ्या पाठीमागे बडबडत होत्या.

इमारतीच्या मागच्या प्लॉटमध्ये चिंचेचं झाड आहे. त्याची एक फांदी आमच्या गच्चीच्या कठड्यावरून आत आली आहे. गेल्या पावसाळ्यात काकूंना त्या फांदीवर एक अळी दिसली. हिरवीगार, डोक्यावर शिंगं. ऋषीनं फोटो बघून शोधलं आणि कळवलं, की ही ब्लॅक राजाची अळी आहे.

ब्लॅक राजा म्हणजे काळपट, मधून पांढुरका पट्टा गेलेलं, मागच्या पंखांना शेपट्या असलेलं दणकट फुलपाखरू. ते फुलांकडे फिरकत नाही. सडलेल्या फळांवर, झाडाच्या पाझरावर, शेणावर बसतं. काकूंच्या ताटलीवर ते आधी येऊन गेलं होतं आणि काकू वाकेपर्यंत उडून गेलं होतं. त्यामुळे त्याच्याशी त्यांचं जुनं भांडण होतं. त्याला त्यांनी कुठल्या साडीचं नाव दिलं नव्हतं. राजाच म्हणायच्या.

अळीनं पानं खाल्ली, कात टाकली, फुगली. काकू रोज सकाळी वर जायच्या. मग एक दिवस ती डहाळीला उलटी लटकली आणि तिचा कोष झाला. कच्च्या बोराएवढा, हिरवा, गुळगुळीत. पानांत दिसायचाही नाही.

काकूंना आता एकच गोष्ट हवी होती. कोषातून राजा बाहेर येतो तेव्हा त्याला लगेच उडता येत नाही. पंख ओले, चुरगळलेले असतात. ते भरून वाळेपर्यंत तो जागचा हलत नाही. आणि त्याची सोंड तेव्हा एक नसते. केसासारखे दोन वेगळे धागे असतात. तो ते गुंडाळत, उलगडत एकमेकांना जोडत बसतो. जोडले गेले की सोंड झाली. ती जोडली गेली नाही तर त्याला आयुष्यात काही खाता येत नाही.

“टाके घालते तसं,” काकू मला म्हणाल्या. “पण सुईबिगर. मले ते पाहाचं आहे.”

त्यांचं घर दोन कापडं जोडण्यावर चाललं होतं. दुसरं काही त्या बोलल्या नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून कोषाची काळजी वाटायला लागली. ऑफिसातून फोन करून मी विचारायचो. काही झालं नाही, झाल्यावर सांगीन, डोकं खाऊ नको, असं उत्तर यायचं.

त्याच दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या बाबाराव उमाटेंच्या नातीला डेंग्यू झाला. वेदिका तिचं नाव. शाळेत जाणारी, जिन्यात दोन पायऱ्या एकदम उतरणारी मुलगी. ताप उतरेना, प्लेटलेट्स खाली आल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळी इमारत घाबरली. मीही घाबरलो. काकूंनी मशीनवर झाकण घातलं आणि मुगाचं पाणी करून दवाखान्यात पाठवलं. बाबारावांच्या सुनेनं डबा न उघडता परत पाठवला. त्या हातचं नको, असं तिनं सांगितलं होतं.

काकूंनी मुगाचं पाणी मोरीत ओतलं. डबा घासला. पहिल्यांदाच त्या कुणावर ओरडल्या नाहीत.

मग इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं. गच्चीवरची घाण. सडकी केळी. मच्छर. कोणी नाव घेत नव्हतं. नाव घ्यायची गरजही नव्हती.

बाबाराव आमच्या सोसायटीचे सचिव. बँकेतून निवृत्त झालेले. ते कधी आवाज चढवत नाहीत. बोलताना हात जोडलेले असतात. ते भांडले असं कुणी कधी पाहिलेलं नाही, आणि एवढ्यावर सगळे त्यांना सज्जन म्हणतात. मीही म्हणायचो. नात आजारी असताना या माणसानं पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा घेतली आणि प्रत्येकाला पाणी विचारलं. मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

काकू सभेला मोबाइलवर एक फोटो घेऊन आल्या. डासांच्या अळ्यांचा. पाण्याच्या पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या, अंगावरचे केससुद्धा दिसत होते. नागपुरात कूलर उन्हाळा लागला की लागतो आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कुणी हलवत नाही. पंखा बंद होतो, पाणी तसंच राहतं. फोटोतलं पाणी बाबारावांच्या कूलरमधलं होतं. तो खालच्या बोळाकडे लोखंडी स्टँडवर उभा असतो. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात होतात, हे दर पावसाळ्यात भोंग्यावरून सांगतात. हे सगळ्यांना माहीत होतं.

मोबाइल हातोहात फिरला. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, “छान आहे फोटो. हे कोणतं फुलपाखरू?”

बाबारावांनी फोटो पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला. म्हणाले, “हे पाणी कोणाचंही असू शकते, सुमतीबाई.”

“तुमचं आहे. मागं कूलरचा निळा पत्रा दिसून राहिला.”

“कूलर सगळ्यांकडेच आहे,” बाबाराव शांतपणे म्हणाले. “सडकी केळी तुमच्याकडेच आहेत.”

लोक हसले नाहीत. माना हलल्या. हसले असते तर बरं झालं असतं.

शेवटी ठरलं ते असं. धुराची मशीन भाड्यानं आणायची आणि सगळ्या परिसरात धूर मारायचा. काकूंनी ताटल्या त्याच दिवशी फेकायच्या, गच्ची धुवायची. गच्चीवर मात्र धूर नंतर. काकूंनी तेवढंच मागितलं. कोष होता, आता थोडेच दिवस उरले होते. बाबारावांनी सगळ्यांदेखत हो म्हटलं. “तुमचा राजा उडाला की मगच गच्ची. शब्द देतो,” असं म्हणाले. हात जोडलेलेच होते.

काकूंनी ताटल्या फेकल्या. फिनाइल टाकून गच्ची घासली. मी बादल्या नेऊन दिल्या. आपल्या बाजूनं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी कोष काळा पडला. म्हणजे कोष पारदर्शक झाला होता आणि आतला राजा दिसत होता. पंखांवरचा पांढुरका पट्टा घडी घातलेल्या साडीच्या काठासारखा. सकाळी निघेल, काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे मारबतीचा. इतवारीकडून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, आणि सगळं शहर तिकडे लोटतं. सोबत बडग्ये असतात, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे. ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या करायचा, मिरवायचा, जाळायचा. महागाईचा, खड्ड्यांचा, पुढाऱ्यांचा. वस्त्यावस्त्यांतली पोरंही आपापले छोटे बडग्ये करतात. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत गल्लीतून फिरवतात आणि मैदानात नेऊन पेटवतात.

त्या सकाळी मला सुट्टी होती. उजाडल्यावर मी काकूंना वर चहा नेऊन दिला. त्या तिपाईवर कॅमेरा लावून डहाळीसमोर बसल्या होत्या. कोषाला खाली बारीक चीर दिसत होती की नाही यावर आमचा वाद झाला. मग खाली ढोल वाजला आणि मी बघायला उतरलो.

आमच्या गल्लीतल्या पोरांनी बाईचा बडग्या केला होता. बांबूच्या सांगाड्यावर जुनी जांभळी साडी, गळ्यात काळ्या पडलेल्या केळ्यांची माळ, हातात पुठ्ठ्याचा कॅमेरा. छातीवर कागद चिकटवला होता : ‘डेंग्यूवाली बाई’. पोरं ओरडत होती, सुमतीकाकूची केळी घेऊन जा गे मारबत. आयाबाया गॅलऱ्यांतून बघत होत्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

माझं डोकं फिरलं. मी तो कागद फाडायला पुढे झालो तर बाबारावांनी माझा हात धरला. राहू दे, पोरं आहेत, वर्षाचा सण आहे, असं म्हणाले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या शेजारी उभं राहून काकूंना फोन लावला.

“या ना खाली, सुमतीबाई. पोरांनी तुमचा बडग्या केला. तुम्ही आल्याबिगर हलणार नाही म्हणतात. रागावू नका. तुम्ही हसल्या की विषय संपला. आपल्याले एकाच बिल्डिंगमध्ये राहाचं आहे.”

मला वाटलं, काकू येणार नाहीत. त्या आल्या.

नी-कॅप तसेच होते. ढोलवाल्यानं हात थांबवला. काकू बडग्याभोवती एक फेरी फिरल्या. पदराचं टोक उचलून पाहिलं.

“साडीले फॉल काहून नाही लावला?” त्यांनी विचारलं.

सगळे हसले. पोरं सगळ्यांत जोरात. काकूंनी बडग्याच्या निऱ्या सारख्या केल्या. पुठ्ठ्याचा कॅमेरा उलटा धरला होता, तो सुलटा करून दिला. डोळा इकडे असते गा, असं त्या पोराला सांगितलं. आणि त्या हसल्या. मी त्यांना असं माणसांत हसताना कधी पाहिलं नव्हतं. गॅलरीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं हे सगळं. बाबारावसुद्धा हसत होते. त्यांचा मोबाइल पुन्हा कानाला होता.

डिझेलचा वास आधी आला. मग कुणीतरी वर बोट दाखवलं. गच्चीच्या कठड्यावरून पांढरा धूर खाली उतरत होता. चिंच त्यात अर्धी बुडाली होती.

मारबत आमच्या गच्चीवरच पेटली, असा विनोद कुणीतरी केला.

काकू जिन्यानं धावल्या. त्यांचे गुडघे दुखतात. मी मागून धावलो.

वर एक माणूस होता. तोंडाला रुमाल बांधलेला, खांद्यावर मशीन. मशीन बंद करून तो निघालाच होता. काकूंना बघून बाजूला झाला. मी त्याची कॉलर धरली. तो गोंधळला. खरंच गोंधळला.

“साहेबांनीच चावी दिली ना, भाऊ,” तो म्हणाला. “बाई खाली आली की फोन करतो, तेव्हा सुरू कर म्हणाले.”

मी कॉलर सोडली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

राजा निघालेला होता. मधल्या तेवढ्याच वेळात. रिकाम्या सालपटाला धरून तो लटकत होता. पंख ओल्या चिंधीसारखे मुडपलेले. त्याचे पाय थरथरत होते. सोंडेचे दोन धागे बाहेर आले होते. एक गुंडाळला जात होता, दुसरा सरळ होत होता. ते एकमेकांजवळ यायचे आणि दूर जायचे.

मला वाटलं, काकू किंचाळतील. त्या माणसाला मारतील. कॅमेरा फेकतील. मी म्हणालो, फांदी तोडून खाली नेऊ का, मोकळ्या हवेत.

“हात लावू नको,” त्या म्हणाल्या. “ओला हाये तो.”

त्यांनी गाऊनच्या आतल्या बाजूनं लेन्स पुसली. गुडघ्यांवर बसल्या. श्वास रोखला. मी बटणाचा आवाज ऐकला, पुन्हा ऐकला. त्या धुरातही त्यांचा क्रम ठरलेला होता. श्वास रोखायचा, फोटो काढायचा, तोंड बाजूला करून खोकायचं, पुन्हा वळायचं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं की दुसरं, मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

पंख भरले नाहीत. थोड्या वेळानं राजाची पकड सुटली आणि तो फरशीवर पडला. काकू पालथ्या झोपल्या. फरशीवर डिझेलचा पातळ थर होता, त्यात. हनुवटी टेकवून त्यांनी कॅमेरा त्याच्या तोंडाशी नेला. तो पाय हलवत होता तोवर त्या फोटो काढत राहिल्या. धागे शेवटपर्यंत दोनच राहिले.

खाली ढोल पुन्हा सुरू झाला होता. पोरं बडग्या घेऊन मैदानाकडे गेली. आवाज लांब गेला. मी तिथं उभा होतो.

दुपारी मी बाबारावांकडे गेलो. दारातच बोललो. आवाज चढवून बोललो. ते ऐकून घेत होते. मान हलवत होते. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, “आमची पोरगी सलाईनवर आहे, प्रशिक. आणि तू मले पाखराचं सांगतो?”

या वाक्याला उत्तर नाही, म्हणूनच ते हे वाक्य बोलले. मुलगी खरंच सलाईनवर होती. तिचं दुखणं खरं होतं, त्यांची भीती खरी होती. आणि त्या खऱ्या भीतीच्या मागे त्यांचा निळा कूलर पाणी भरून उभा होता, त्याला त्या दिवसापर्यंत कुणी हात लावला नव्हता. तोटी काढली की पाणी जातं. त्याला मशीन लागत नाही. कुणाला खाली बोलवावं लागत नाही. हे मी त्यांना म्हणायला हवं होतं. सुचलं तेव्हा मी जिन्यात होतो. परत खाली त्यांच्या दाराशी गेलो तर दार बंद होतं.

काकूंनी एक फोटो ग्रुपवर टाकला. सोबत काही लिहिलं नाही. राजाचा चेहरा. डोळे मण्यांसारखे, मिशांची टोकं, आणि दोन वेगळे धागे. इतका स्पष्ट फोटो त्यांना पूर्वी कधी साधला नव्हता. यामुळे मला जास्तच राग आला.

उत्तरं आली. टाळ्या. हार्ट. ‘वॉव काकू.’ एकानं विचारलं, मोबाइल कोणता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो ग्रुपवर परत आला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याच्याभोवती गुलाब लावले होते आणि वर ‘शुभ सकाळ’ लिहिलं होतं. कुणालाच दिसलं नव्हतं. मरणाऱ्या जिवाच्या तोंडाचा फोटो होता तो, आणि लोकांना वाटलं, फुलपाखरू आहे म्हणजे छानच असणार.

मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. त्या इथं देण्यासारख्या नाहीत. काकूंनी मला बोलावून त्या पुसायला लावल्या. माझं भांडण मले करू दे, असं म्हणाल्या. पण त्या भांडत नव्हत्या, हेच मला सहन होत नव्हतं. भाजीवाला दारावर आला, तो सांगेल त्या भावात त्यांनी मेथी घेतली. एक गिऱ्हाईक घाई करत आलं, त्यांनी उभ्या उभ्या पिको करून दिलं. इमारतीतले लोक म्हणाले, बाई सुधारली. मी त्यांच्या दाराशी जाऊन उगाच वाद उकरून काढायचो. त्या हो म्हणायच्या.

वेदिका बरी झाली. घरी आली. गॅलरीत खुर्चीवर बसलेली मी पाहिली. बारीक झाली होती, पण मोबाइल हवा म्हणून आईशी भांडत होती. मला इतकं बरं वाटलं की मी खाली उभा राहून हात हलवला.

त्या संध्याकाळी बाबाराव पेढ्यांचा डबा घेऊन वर आले. आधी काकूंचं दार वाजवलं. मी माझ्या दारात होतो.

“वेदिका आली घरी,” ते म्हणाले.

काकूंचा चेहरा एकदम सैल झाला. “हाव, समजलं मले. कशी हाये? जेवते का?”

“जेवते आता. कालपासून खिचडी मागून राहिली.”

“चांगलं झालं,” काकू म्हणाल्या. “लई चांगलं झालं. तिले पपई देऊ नका नुसती, डाळिंबही द्या.”

बाबारावांनी डबा उघडून पुढे केला. काकूंनी हात पुढे केला नाही.

“घ्या ना. झालं गेलं,” बाबाराव म्हणाले.

“पोरगी बरी झाली, मले आनंद आहे. तुमच्या हातचा पेढा नाही घेत मी.”

“एका पाखरासाठी, सुमतीबाई?”

“तुम्ही मले खाली बोलावलं,” काकू म्हणाल्या. “आणि मी आली.”

बाबाराव म्हणाले, की तेव्हा पोरीशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. जे केलं ते पोरीसाठी केलं. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, गच्चीच्या दारात आडव्या झाल्या असत्या, तमाशा झाला असता.

“झाला असता,” काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढायला लागला होता आणि मला बरं वाटत होतं. “दारात आडवी झाली असती मी. शिव्या दिल्या असत्या तुम्हाले. तुम्हीही द्याच्या. ढकलाचं मले आणि जाचं वर. पोरगी तिकडं दवाखान्यात पडली, तुमचा हक्क होता तेवढा. भांडाले पाहिजे होतं तुम्ही माझ्याशी. तुम्ही हसून बोलावलं.”

“मी भांडखोर माणूस नाही, सुमतीबाई,” बाबाराव म्हणाले. त्यांचा डबा धरलेला हात तसाच पुढे होता.

“हाव. माहीत आहे मले,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाबाराव डबा घेऊन माझ्याकडे वळले. चेहरा दुखावलेला होता. आवाज मात्र नेहमीसारखाच गोड.

“तू तरी घे गा,” ते म्हणाले. “तू शिकलेला आहेस.”

मी आत गेलो आणि दार लावलं. जोरात लावलं.